लाल पेन्सिलीची खूण

मनवेलकाकांविषयी लिहायचं तर त्यांच्या शिस्तीप्रमाणे आधी सगळं जाहीर करायला हवं, नाहीतर ते वसईत बसल्या बसल्या हा मजकूर परत पाठवतील. तर जाहीर करते: मी त्यांच्याकडे सहा वर्षं नोकरी केली आणि त्यातली निदान चार त्यांच्यावर चिडण्यात घालवली. त्यांनी मला एका शब्दानं कधी दुखावलं नाही, आणि वेळेवर घरीही कधी जाऊ दिलं नाही. बाकीचं पुढे येईलच.

मनवेल तुस्कानो हा वसईचा माणूस मेलबर्नमध्ये परदेशी क्रीम विकायचा. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तोंडावर हसले होते. शहराबाहेर तासभर गाडी हाकली की दोन्ही बाजूंना गाईच गाई दिसतात, अशा ठिकाणी फ्रान्सहून बोटीनं क्रीम आणायचं म्हणजे सांगलीत बाहेरून हळद मागवण्यासारखं. पण मोठ्या हॉटेलांतले पेस्ट्री करणारे शेफ दुसऱ्या कुठल्या क्रीमला हात लावायला तयार नसत. हे फेटलं की उभं राहतं, उन्हाळ्यातसुद्धा केकवरून ओघळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांचा सगळा मानपान त्या बोटीवर टांगलेला असायचा. बोट आठवडाभर उशिरा आली की एरवी कोणाशी सरळ न बोलणारे ते शेफ फोनवर रडकुंडीला यायचे.

कधी एखादा नवा शेफ विचारायचा, की हे इथल्या क्रीमपेक्षा खरंच चांगलं आहे ना? दुसऱ्या कुठल्याही विक्रेत्यानं इथे तासभर व्याख्यान दिलं असतं. काका म्हणायचे, "चांगलं आहे की नाही ते तू ठरव. लांबून आलंय एवढं नक्की." शेफना तो विनोद वाटायचा आणि ऑर्डर वाढायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पॉइंट कुक भागातल्या स्वतःच्या घरी मात्र काका कॉफीत सुपरमार्केटमधलं इथलंच क्रीम घालायचे. तेही कोणी विचारलं तर लपवायचे नाहीत.

माझी मुलाखत त्यांनी एका प्रश्नात आटोपली. क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत फूड सायन्स करून मी नोकरी शोधत होते. जाड कागदावर छापलेला सीव्ही घेऊन त्यांच्या क्लेटन साउथच्या गोदामात गेले. त्यांनी तो न वाचता पालथा ठेवला आणि विचारलं, "इंडियाहून पहिल्यांदा आलीस तेव्हा विमानात कार्ड भरलंस ना? खाण्याच्या वस्तू आणल्यात का, त्यापुढे काय लिहिलंस?"

"नाही म्हणून लिहिलं."

"आणि बॅगेत काय होतं?"

खोटं बोलायचं माझ्या मनात येऊन गेलं. पण समोर साठीचा, टकला, शर्टाच्या खिशाला एक निळं पेन आणि एक लाल पेन्सिल लावलेला माणूस इतक्या शांतपणे बघत होता, की मी कबूल केलं. आईनं कढवलेलं तूप, शेंगदाण्याची चटणी आणि दोन किलो मेतकूट.

"दोन किलो मेतकूट," ते स्वतःशीच म्हणाले आणि सोमवारपासून ये म्हणून सांगितलं.

पुढे कळलं की ते स्वतः तीस वर्षांपूर्वी आले तेव्हा कार्डावरची जागा अपुरी पडली म्हणून त्यांनी वेगळा कागद जोडला होता. सुकेळी, सुके बोंबील, आईच्या हातचा मसाला अशा बावीस वस्तू, अनुक्रमांकासकट. अधिकाऱ्यानं बोंबील काढून घेतले. काकांनी त्याची पावती मागितली. देशात येऊन अर्धा तास झालेल्या माणसानं कचऱ्यात टाकलेल्या बोंबलांची पावती मागावी याचं त्या अधिकाऱ्याला काय वाटलं असेल कोण जाणे, पण त्यानं ती दिली. गोदामाच्या ऑफिसात देवाच्या तसबिरीशेजारी ती फ्रेम करून लावलेली होती.

माणसांना ते नावानं हाक मारत नसत. त्यांच्या धंद्यात प्रत्येक खोक्यावर मूळ देश लिहावा लागतो, त्याचीच ती सवय. मी "सांगली". ट्रक चालवणारा हरप्रीत "लुधियाना". त्यांच्या बायकोला, रिटाकाकूंना, मात्र ते रिटाच म्हणत. लग्नानंतर एकदा "नालासोपारा" म्हणून बघितलं होतं, ते चाललं नव्हतं.

गोदामाचा सगळ्यात मोठा नियम असा, की एकानं भरलेला कागद दुसऱ्यानं वाचल्याशिवाय बाहेर जायचा नाही. काका निळ्या पेनानं भरायचे, मग ती लाल पेन्सिल माझ्या हातात द्यायचे. मी ओळ न ओळ ताडून खाली बरोबरची खूण करायची. सुरुवातीला मी भराभर खुणा करून मोकळी व्हायचे. त्यांनी एकदा मला थांबवलं. म्हणाले, ही सही नव्हे. सही कोणीही करतं. खूण म्हणजे मी बघितलं आणि हे खरं आहे. जे खोक्यात नाही ते कागदावर नाही, असं त्यांचं एक वाक्य होतं. दिवसातून चार वेळा ऐकायला लागायचं आणि चारही वेळा माझ्या डोक्यात जायचं.

एकदा फ्रान्सवाल्यांकडून चुकून एक खोकं जास्त आलं. हजारो खोक्यांत एक. कोणाच्या बापाला कळलं नसतं. काकांनी स्वतः फोन करून ते संबंधित खात्याला कळवलं. खात्यालाही काय करावं कळेना, कारण जास्त आलेलं खोकं आपणहून सांगणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. शेवटी त्यांनी खबरदारी म्हणून अख्खा कंटेनर नऊ दिवस अडकवून ठेवला. ते नऊ दिवस सगळ्या शहरातल्या शेफांच्या शिव्या मी एकटीनं खाल्ल्या. काका मात्र पेढे वाटून आल्यासारख्या चेहऱ्यानं बसलेले.

या माणसाचं एकच माणूस ऐकत नसे, त्यांची आई. कात्रीनबाई वसईला राहायच्या, नव्वदीला टेकलेल्या. एके काळी दारात म्हशी होत्या, त्यांच्या दुधावर मनवेल शिकला. गोदामातल्या जेवणाच्या सुट्टीत रोज त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. काका फोन क्रीमच्या खोक्याला टेकवून उभा करायचे आणि समोर डबा उघडायचे. पहिल्यांदा त्या जेवलास का विचारायच्या, मग डब्यात काय आहे ते दाखवायला लावायच्या. त्या बोलायच्या ती वसईकडची कुपारी बोली मला अर्धीमुर्धीच कळायची, पण एक तक्रार रोजची असल्यानं पाठ झाली होती: एवढी वर्षं परक्यांना साय वाटत फिरतोस आणि आईला चमचाभर चाखवली नाहीस.

त्याचंही कारण कागदच. दुधाचा पदार्थ भारतात न्यायचा तर कारखान्याचा आरोग्य दाखला हवा, आणि कारखाना दाखला द्यायचा तो कंटेनरचा, एका डब्याचा नव्हे. दर दोन वर्षांनी काका वसईला जायचे ते चॉकलेटं आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊन. बॅगेत एक डबा टाकला तर कोण बघतंय, असं मी एकदाच म्हणाले होते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला परत ते मेतकूट आठवलं.

शेवटी वीस साली, जानेवारीत, बऱ्याच ईमेल झाल्यावर फ्रान्सवाले एका डब्याचा दाखला द्यायला कबूल झाले. काकांनी आईला शब्द दिला की ईस्टरला डबा घेऊन येतो. तिकीट काढलं. नव्या मालातला एक लिटरचा डबा बाजूला काढून त्यावर निळ्या पेनानं "आई" असं लिहिलं आणि थंड खोलीतल्या वरच्या फळीवर ठेवला. मार्चमध्ये देशाची दारं बंद झाली. बाहेरून कोणी यायचं नाही, आणि इथल्या नागरिकानंसुद्धा सरकारची खास परवानगी असल्याशिवाय बाहेर जायचं नाही. क्वारंटाइन हा शब्द काका तीस वर्षं खोक्यांसाठी वापरत आले होते. आता खोकी बोटीवरून खुशाल येत होती आणि माणसं अडकली होती. क्रीमवर कधी कोणी एवढे निर्बंध घातले नाहीत, असं ते म्हणायचे.

त्याच आठवड्यात आमचा एक भरलेला कंटेनर धक्क्याला लागला आणि शहरातली सगळी हॉटेलं बंद झाली. ज्यांचं या क्रीमवाचून पान हलत नव्हतं ते शेफ घरी बसून पाव भाजायला लागले. गोदामभर क्रीम आणि घेणारा कोणी नाही. इकडे क्लेटनमधल्या आपल्या विद्यार्थ्यांच्या हातची कामं गेली होती, आणि स्टुडंट व्हिसावर असल्यानं त्यांना सरकारी मदतही नव्हती. त्यांना तांदूळ आणि डाळ हवी होती. काकांकडे होतं ते फ्रेंच क्रीम. तरी त्यांनी तांदळाची पोती विकत घेतली, प्रत्येक पोत्याबरोबर चार डबे क्रीम दिलं आणि मला प्रत्येक घराचा रीतसर कागद करायला लावलं. मूल्य: शून्य. त्या शून्यावरही मला लाल खूण करायला लागायची.

एका घरातल्या मुलांनी त्या क्रीमचं लोणी काढून तूप करायचं ठरवलं. दोन दिवस आळीपाळीनं घुसळलं तरी लोणी येईना. त्यांनी मला फोन केला, मी काकांना विचारलं, आणि नेमक्या त्याच वेळी खोक्याला टेकवलेल्या फोनमध्ये कात्रीनबाई होत्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. काकांनी जे होतं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "लोणी येत नाही ती कसली साय?"

तीस वर्षांचा धंदा एका वाक्यात निकालात निघाला. काका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "खरं आहे, आई. ते उभं राहावं म्हणून कारखान्यात त्यात घट्टपणा आणणारं काहीबाही घातलेलं असतं, मग त्यात लोणी कुठून येणार." यावर त्या म्हणाल्या, की तरी मला चाखायचीय. आपला मुलगा आयुष्यभर काय विकत होता ते कळायला नको का?

कडक लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला कामाचा परवाना लागायचा. सगळं शहर त्या परवान्यांना वैतागलेलं असताना काकांना मात्र जणू सणच आला होता. पॉइंट कुकहून क्लेटनला येताना शेजारच्या सीटवर त्यांची फाइल असायची, अनुक्रमणिकेसकट. पोलीस कधी अडवतात याची ते वाट बघायचे. दोन महिन्यांनी एकदाचं अडवलं. काकांनी काच खाली केली, फाइल उघडली आणि पान एकपासून सांगायला सुरुवात केली. पोलीस लांबूनच "नो वरीज, मेट" म्हणाला आणि हातानं पुढे जा म्हणून खुणावलं. त्या दिवशी काका ऑफिसात आले ते तोंड पाडून. त्यानं बघितलंच नाही गं, सांगली, असं दुपारपर्यंत तीनदा म्हणाले.

याच हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जुलै-ऑगस्टात, मी त्यांच्यावर सगळ्यात जास्त चिडले. आमचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, छोटी बेकरी चालवणारा म्हातारा इटालियन. तो करोनात गेला. बेकरी त्याच्या बायकोनं चालू ठेवली, आणि दर आठवड्याची ऑर्डर नवऱ्याच्याच नावानं येत राहिली. मी काही बोलले नाही. काकांनी कागदावर ते नाव वाचलं आणि तिच्या दारात पोचलेला लुधियानाचा ट्रक परत बोलावला. मेलेला माणूस माल घेऊ शकत नाही, म्हणाले. त्या बाईचा फोन आला तो मी कानापासून हातभर लांब धरून ऐकला. एक अक्षर कळलं नाही, पण अर्थ कळला.

फोन ठेवल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी गेले आणि विचारलं, "काका, तुम्हाला काळीज आहे का?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "नाव तसंच ठेवलं, तर ती दर आठवड्याला त्याच्या नावाचा माल उतरवून घेणार, सांगली. किती दिवस उतरवणार?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः नवा फॉर्म घेऊन गेले. मास्क लावून फुटपाथवर उभे राहिले. तिनं खिडकीतून सही करून दिली आणि खिडकीतूनच कॉफीचा कप दिला, असं लुधियानानं येऊन सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, असंही सांगितलं. मला तरी ते पटलं नाही. कागद काय, आठवड्यानं बदलला असता.

ईस्टर हुकला, तेव्हा काकांनी नाताळ धरला. देशाबाहेर जायच्या परवानगीचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. त्यात कारणासाठी एक चौकोन होता. निम्मं मेलबर्न त्या चौकोनात आपापल्या आईवडिलांना अत्यवस्थ करत होतं. काकांनी लिहिलं: आई एकोणनव्वद वर्षांची आहे. तब्येत उत्तम. तिला भेटायचं आहे आणि एक वस्तू द्यायची आहे. अर्ज नामंजूर झाला.

मग सगळे त्यांच्या मागे लागलो. दुसऱ्या शहरात, केलीव्हिलला राहणारा त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, "डॅड, जस्ट से शी इज सिक. एव्हरीवन डझ." काका म्हणाले, ती आजारी नाहीये. रिटाकाकू नर्स, त्यांनी वयाप्रमाणे शोभतील असे तीन आजार सुचवले. मी तर दुसरा अर्ज स्वतःच भरून त्यांच्यापुढे ठेवला, हृदयविकार वगैरे घालून, नुसतं बटण दाबायचं बाकी ठेवून. त्यांनी तो मालाच्या कागदासारखा वाचला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे खोक्यात आहे का?" पुन्हा तब्येत उत्तम असं लिहिलं. पुन्हा नामंजूर. फळीवरच्या डब्याची तारीख संपत आली. तो त्यांनी क्लेटनच्या मुलांना दिला, नव्या मालातला दुसरा काढला आणि त्यावर "आई" असं लिहिलं.

तिकडे कात्रीनबाईंनी स्वतःच सूत्रं हातात घेतली. गावातला डॉक्टर त्यांच्या मांडीवर वाढलेला. त्याच्याकडून त्यांनी एक सर्टिफिकेट लिहून घेतलं, त्यात हृदय, फुप्फुसं आणि दोन्ही किडन्या निकामी होत्या. सोबत एक फोटो. पांढऱ्या चादरीवर उताण्या झोपलेल्या, हातात रोझरी, आणि फोटो नीट निघतोय की नाही ते बघायला एक डोळा किंचित उघडा. आम्ही सगळे हसून हसून लोळलो. काकाही हसले. पण ते सर्टिफिकेट त्यांनी छापून "नाकारलेले" असं लिहिलेल्या फाइलमध्ये लावलं आणि आईला फोनवर समज दिली, की असला कागद पुन्हा पाठवायचा नाही. नाताळही गेला.

एकवीस सालच्या एप्रिलात भारतात दुसरी लाट उसळली. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत काकांच्या फोनवर पुन्हा एक सर्टिफिकेट आलं. तोच डॉक्टर, तोच लेटरहेड. ताप, श्वासाचा त्रास. सोबत फोटो, तीच पांढरी चादर. काकांनी ते बारकाईनं वाचलं आणि फोन माझ्यासमोर धरला. "बघ, सांगली. याच माणसानं डिसेंबरात दोन्ही किडन्या घालवल्या होत्या."

मी बघितलं. आणि म्हणाले, "फोटो या वेळी चांगला जमलाय."

हे मी म्हणाले, तेही जाहीर करते.

तेवढ्यात तिकडून व्हिडिओ कॉल आला. काकांनी नेहमीसारखा फोन खोक्याला टेकवला. कात्रीनबाई उशीवर पडल्या होत्या, आवाज अगदी खोल गेलेला. काका हातात पोळीचा तुकडा घेऊन म्हणाले, "आई, पुरे आता. माझ्याशी खोटं बोलू नकोस. दारं उघडली की येतोच आहे."

त्यांनी उशीवरून मान जराशी हलवली. मग म्हणाल्या, "बरं. जेवलास का?"

डब्यात काय आहे ते त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. रोज विचारायच्या. माझ्या ते लक्षात आलं होतं, आणि तरी मी माझ्या डब्यातलं जेवत राहिले.

दुसऱ्या दिवशी काकांच्या चुलतभावाचा फोन आला आणि कागद खरा होता ते कळलं. त्यानंतर कात्रीनबाईंना बोलता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. त्याच सुमारास इकडची भारताची विमानंही पार बंद झाली, म्हणजे सर्टिफिकेट वाचून काका त्याच क्षणी उठले असते तरी पोचले नसते. हे मी त्यांना सांगितलं, रिटाकाकूंनी सांगितलं, मुलानं इंग्रजीत सांगितलं. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

मातीला पाच माणसं होती. ती आम्ही फोनवर बघितली, तो त्याच खोक्याला टेकवून, कारण गोदामात फोन ठेवायची दुसरी जागा कोणाला सुचली नाही. लुधियाना डोक्यावर रुमाल बांधून मागे उभा होता. वसईत सकाळ होती आणि चित्र सारखं अडकत होतं. संपल्यावर काकांनी फोन खिशात टाकला आणि मला म्हणाले, "आपण दोघांनी बघितला होता गं तो कागद." मला दोष द्यायचा म्हणून नव्हे, झालेली गोष्ट नोंदवावी तसं. मी थंड खोलीत जाऊन रडले. वर फळीवर तो डबा होता.

पुढचे सहा महिने त्यांनी कामात कसूर केली नाही. हॉटेलं उघडली, शेफ पुन्हा फोनवर रडायला लागले, बोटी उशिरा यायला लागल्या. फक्त जेवणाच्या सुट्टीत ते बाहेर ट्रकशेजारी उभे राहून खायचे. "जे खोक्यात नाही" हे वाक्य त्यांनी परत कधी म्हटलं नाही. मी त्याला एवढी वैतागलेली असायचे, पण नाहीसं झाल्यावर करमेना. एकदा मी मुद्दाम एका कागदावर चूक ठेवून बघितली. त्यांनी ती गुपचूप दुरुस्त केली.

नोव्हेंबरात परवानगीची भानगड संपली. लस घेतलेल्या माणसाला कारण न सांगता जाता येऊ लागलं. काकांनी डिसेंबरचं तिकीट काढलं. परत कधी येणार ते सांगेनात, आणि गोदाम एका मोठ्या कंपनीला देऊन टाकायचं त्यांनी ठरवलं होतं. रिटाकाकू नोकरी संपवून मागून जाणार होत्या. त्यांची हॉस्पिटलमध्ये शिफ्ट होती, म्हणून विमानतळावर सोडायला मी गेले.

बॅगा द्यायच्या रांगेत लागायच्या आधी काकांनी ट्रॉली बाजूला घेतली. हँडबॅगेतून डबा काढला. नवीनच होता, तारीख पुढच्या उन्हाळ्याची, वर निळ्या पेनानं "आई". मग फाइल काढली, त्यातून फ्रान्सचा दाखला आणि स्वतः भरलेला कागद. खिशातली लाल पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली.

"बघून दे," म्हणाले.

मी वाचला. माल: क्रीम. परिमाण: एक लिटर. मूळ देश: फ्रान्स. पाठवणारा: मनवेल तुस्कानो. त्याखाली माल घेणाऱ्याचं नाव: कात्रीन तुस्कानो, आणि वसईचा घरचा पत्ता.

मला ती इटालियन बाई आठवली, तिच्या दारातून परत आलेला ट्रक आठवला. मान वर करून मी काकांकडे बघितलं. ते ट्रॉलीच्या चाकाकडे बघत होते. मास्कमुळे चेहरा अर्धाच दिसत होता. किती दिवस उतरवणार, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला, आणि तो मी विचारला असता तर त्यांनी कागद मुकाट्यानं फाडला असता याची मला खात्री होती.

"नीट बघ, सांगली," ते म्हणाले. "नाव बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हटलं आणि खाली खूण केली.

त्यांनी खूण पाहिली, कागद फाइलमध्ये लावला आणि रांगेत गेले. मी दोरीच्या अलीकडे उभी राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं काही मागायच्या आधीच त्यांनी फाइल उघडून तिच्यापुढे केली आणि शेजारी डबा ठेवला. तिनं डबा हलवून बघितला, कागदाकडे ढुंकूनही न बघता फाइल मिटून परत दिली आणि हातानंच ठीक आहे म्हणून खुणावलं. एरवी त्यांनी तिला थांबवून पान एकपासून सुरुवात केली असती. या वेळी त्यांनी नुसती मान हलवली, डबा मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवला आणि चेन ओढून घेतली.